शेपटी दिसेपर्यंत

पुण्याच्या नारायण पेठेतून समुद्र दिसत नाही. पेठेचं पाणीसुद्धा जवळच्या समुद्राकडे पाठ करून वाहतं. भिडे पुलाखालून गेलेली मुठा संगमावर मुळेला मिळते, पुढे भीमेला, मग कृष्णेला, आणि अख्खं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरात पडते. अरबी समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे, सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटरवर. पण पेठेतला एक थेंबही तिकडे जात नाही. समुद्रासारखं पाणी पेठेने एकदाच पाहिलं, १२ जुलै १९६१ ला, पानशेतचं धरण फुटलं तेव्हा. त्या दिवशी पाणी कुठवर आलं होतं हे सांगताना जुन्या माणसांचा हात अजूनही आपोआप डोक्याच्या वर जातो.

अशा पेठेतल्या एका माणसाला देवमासा पाहण्याचं वेड लागलं. त्याचं नाव सांगण्यासारखं नाही; आपण त्याला पेठकर म्हणू. पोहता येत नाही, एसटीतही घाट लागला की आलेपाक तोंडात धरणारा. वेडाचं मूळ एका बातमीत होतं. पत्र्या मारुतीजवळच्या अमृततुल्यात चहा निवत असताना त्याने ती फोनवर वाचली आणि चहा तसाच राहिला.

बातमी लुबानची होती. ओमानच्या मसिरा आखातात नोव्हेंबर २०१७ मध्ये संशोधकांनी एका कुबड्या देवमाशाच्या मादीला उपग्रहाला ठावठिकाणा कळवणारा टॅग लावला. डिसेंबरात ती निघाली ती थेट पूर्वेकडे. दीड हजाराहून जास्त किलोमीटर उघडा समुद्र कापून ती गोव्यासमोर आली, तिथून किनाऱ्याच्या कडेकडेने भारताच्या दक्षिण टोकापर्यंत गेली आणि पुन्हा ओमानला परतली. अरबी समुद्र असा आडवा ओलांडल्याची या जातीतली ही पहिली पक्की नोंद. लुबान म्हणजे आपला लोबान, धुपाटण्यात निखाऱ्यावर टाकतात तो. शेपटीच्या खालच्या बाजूला लोबानाच्या झाडासारखी नक्षी होती, म्हणून हे नाव.

ही शेपटी महत्त्वाची आहे. कुबडा देवमासा खोल बुडी घेण्याआधी पाठीची कमान करतो, म्हणून तो कुबडा. आणि मग शेपटी पाण्याबाहेर उचलतो. तिच्या खालच्या अंगाची काळी-पांढरी नक्षी प्रत्येकाची वेगळी असते. त्या एका क्षणाचा फोटो मिळाला तर तो प्राणी कोण हे सांगता येतं, वीस वर्षांनीही. नाही मिळाला तर कुणीतरी दिसलं होतं, एवढंच.

जगातले बाकीचे कुबडे देवमासे मोठे प्रवासी. उन्हाळ्यात थंड समुद्रात जाऊन खायचं, हिवाळ्यात उष्ण समुद्रात येऊन वीण करायची, हा त्यांचा रिवाज. अरबी समुद्रातले मात्र इथेच राहतात, इथेच खातात, इथेच वितात. त्यांना ते परवडतं ते मोसमी वाऱ्यांमुळे. ज्या नैर्ऋत्य वाऱ्यांची आपण जूनमध्ये डोळ्यांत प्राण आणून वाट पाहतो, तेच वारे ओमानच्या किनाऱ्यालगतचं वरचं पाणी बाहेर ढकलतात. खालचं थंड, सकस पाणी वर येतं, त्यावर प्लवक माजतं आणि प्लवकावर तारलीसारख्या माशांचे थवे. पेठेत पहिला पाऊस पडतो तेव्हा तिकडे कुणाचं तरी ताट वाढलेलं असतं. जनुकांवरून काढलेला हिशेब असा, की हा कळप जगातल्या इतर कुबड्या देवमाशांपासून सुमारे ७०,००० वर्षं वेगळा पडला आहे.

कळप म्हणण्याइतके ते आहेत का, हा प्रश्नच आहे. शेपट्यांच्या फोटोंवरून ओमानच्या पाण्यातल्या प्राण्यांचा अंदाज काढला तेव्हा आकडा आला ८२. इकडेतिकडे धरून ६० ते १११. नारायण पेठेत वाडा पाडून उभ्या राहिलेल्या एखाद्या सोसायटीतही याहून जास्त माणसं राहतात, आणि त्यांच्यातली निम्मी एकमेकांशी बोलत नाहीत.

हे इतके थोडे का राहिले, याचं एक उत्तर मिळालं ते मारणाऱ्यांच्याच वहीतून. १९६० च्या दशकाच्या मध्यात सोव्हिएत संघाची देवमासेमार जहाजं अरबी समुद्रात शिरली आणि ओमान, पाकिस्तान नि वायव्य भारताच्या किनाऱ्यांसमोर त्यांनी २४२ कुबडे देवमासे मारले. जगाला कळवलेल्या आकड्यांत हे नव्हतं. खऱ्या नोंदी जहाजावरच्या शास्त्रज्ञांनी जपून ठेवल्या होत्या. त्या १९९७ मध्ये प्रसिद्ध झाल्या. चमत्कार असा, की हे देवमासे इथलेच रहिवासी आहेत याचा भक्कम पुरावाही त्याच नोंदींत होता. मारलेल्या माद्यांच्या पोटातले गर्भ मोजलेले होते, आणि त्यांची वाढ उत्तर गोलार्धाच्या ऋतुचक्राशी जुळत होती. म्हणजे हे दक्षिणेकडून आलेले पाहुणे नव्हते. ज्यांनी घर रिकामं केलं, त्यांनीच घरमालकाचं नाव लिहून ठेवलं.

फेब्रुवारीत एका रात्री पेठकर मालवणच्या गाडीत बसला. पिशवीत दुर्बीण, टोपी आणि आलेपाकाच्या वड्यांचा पुडा.

सकाळी साडेसहाला देवबागेत कर्लीच्या खाडीवर बोट उभी होती. फायबरची, मागे इंजिन लावलेली, रंग उडालेल्या आडव्या फळ्यांची. तांडेल साठीच्या घरातला, कमरेला टॉवेल गुंडाळलेला. पेठकराने आपला बेत सांगितला तेव्हा तो हसला नाही, हे विशेष. "नशिबात आसात तर दिसतलो, साहेबांनू," तो म्हणाला. "नायतर पाणी बघा. ता पण खूप आसा."

खाडीच्या मुखाशी लाट फुटते. तिथे बोटीचं नाक वर गेलं, क्षणभर नुसतं आभाळ दिसलं आणि मग पाठीचा कणा मोजला जावा तशी ती खाली आपटली. पेठकराने पहिली वडी तोंडात टाकली. तासाभरात किनाऱ्याची माडांची रांग एक हिरवी रेघ झाली आणि तांडेलाने इंजिन बंद केलं. बंद केल्यावर कळलं की समुद्राला आवाज आहे: फळीखाली पाणी चुळबुळतं, वाऱ्यावर दोर एका लयीत खटखटतो, पेट्रोलचा वास हळूहळू विरून खारट ओल उरते.

शोध म्हणजे काय करायचं असतं? बघायचं. पण छोट्या बोटीतून बघणं हे गच्चीवरून बघणं नव्हे. डोळे पाण्यापासून दोन मीटरही उंच नसतात. समोरची लाट उठली की क्षितिजच जातं. एकाने डावीकडचा तुकडा घ्यायचा, दुसऱ्याने उजवीकडचा. नजर एका जागी रोवायची नाही, पाटीवर फडकं फिरवावं तशी फिरवत राहायची. शोधायचा तो मासा नव्हेच. शोधायचा तो फवारा, श्वास सोडल्यावर उडणारा पाण्याच्या वाफेचा झुबका, दोन-तीन मीटर उंच आणि तीन-चार सेकंदांचा. वारा पडलेला असेल तर तो दुरून दिसतो. वारा उठला, लाटांचे माथे पांढरे व्हायला लागले, की प्रत्येक माथा फवारा वाटतो. म्हणून संशोधक समुद्राची अवस्था अंकांत लिहून ठेवतात आणि पाणी फार खवळलं तर सरळ परततात. दिसलं नाही, हे लिहायलाही नीट दिसण्याजोगा दिवस लागतो.

पेठकराने पहिल्या दोन तासांत जाळ्याच्या चार तरंड्या, एक थर्मोकोलचा तुकडा आणि काळा झेंडा लावलेली एक काठी यांना देवमासा ठरवलं. तांडेल प्रत्येक वेळी शांतपणे सांगे, कुणाचं जाळं आहे ते.

"थंय बघा, थंय!"

सुरय पक्ष्यांचा थवा पाण्यावर घिरट्या घालत होता. त्याच्या खाली राखाडी पाठी वर आल्या, एकामागून एक, आणि प्रत्येक पाठीवर एक लांबट उंचवटा, त्याच्या टोकावर छोटा पर. कुबडे डॉल्फिन. उथळ पाण्यात, किनाऱ्याला धरून राहणारी ही जात कोकणात सगळीकडे आहे. पेठकराला कुबड मिळालं, देवमासा नाही. एवढ्यात तारकर्लीकडून पर्यटकांच्या तीन बोटी आल्या आणि त्यांनी त्या डॉल्फिनना तिन्ही बाजूंनी घेरलं. इंजिनं, शिट्ट्या, हात वर करून धरलेले फोन. पाठी दोनदा दिसल्या, मग नाहीशा झाल्या. पुढे जाऊन वाट अडवायची नाही, इंजिन मंद ठेवायचं, पिल्लू असेल तर लांब राहायचं, एवढं कळायला संशोधक असावं लागत नाही. पण तिकीट "डॉल्फिन दाखवतो" म्हणून फाडलेलं असतं, "डॉल्फिन दिसला तर बघू" म्हणून नव्हे.

परतताना तांडेल बोलता झाला. ऐन तारुण्यात रात्रीची जाळी ओढून येताना त्याने एकदा पाहिला होता. आधी पाण्यातून धूर निघाल्यासारखं दिसलं, म्हणाला, आणि मग वास आला. "मेल्या तारल्यांचो वास." पेठकराला ही गोष्ट खरी वाटली ती त्या वासामुळे. बढाई मारणारा माणूस आकार सांगतो. तीस बस एवढा, देवळाएवढा. देवमाशाच्या श्वासाला घाण येते हे सांगायला तो वास नाकात जावा लागतो.

कोकणातून कुबडा देवमासा शोधणं अवघड आहे त्याला भूगोलही कारण आहे. ओमानच्या किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी समुद्र लवकर खोल होतो, म्हणून छोट्या बोटीने थोडं आत गेलं तरी माणूस देवमाशांच्या अंगणात असतो. आपल्याकडे उथळ मंच लांबवर पसरलेला आहे, मुंबईसमोर सुमारे ३०० किलोमीटर. दक्षिणेकडे तो अरुंद होत जातो, तरी खोल पाणी दूरच. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटरवर समुद्रात बुडालेला प्रवाळांचा पठारी भाग आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखला जाणारा आंग्रिया बँक. तिथे जायला देवबागेतली बोट पुरत नाही. शिवाय जून-जुलैत मासेमारीला बंदी, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत नारळाची वाट पाहणारी बंदरं. पावसाळ्यात त्या पाण्यात काय चालतं हे पाहायला कुणी नसतं.

तरी आपला किनारा रिकामा नाही. कोकण सिटॅशियन रिसर्च टीम या तरुण संशोधकांच्या गटाने सिंधुदुर्गात बोटीने पाण्यावर रेघा माराव्यात तशी पाहणी केली, आणि २०१५ मध्ये कुणकेश्वरसमोर निळा देवमासा नि त्याचं पिल्लू पाहिल्याचं जाहीर केलं. वर्तमानपत्रांनी "शंभर वर्षांनी दर्शन" असे मथळे दिले. पेठकराला तेव्हाही शंका आली होती: शंभर वर्षं देवमासा आला नाही, की शंभर वर्षं कुणी पाहायला गेलं नाही? दारावर टकटक झाली नाही म्हणजे पाहुणे आले नाहीत असं नाही. घरात कुणी होतं का ते आधी विचारायला हवं.

बाकी आपली ओळख बहुतेक मेलेल्या देवमाशांशी. २०१५ च्या जूनमध्ये रेवदंड्याला ४२ फुटी देवमासा किनाऱ्याला लागला, जिवंत होता, वाचला नाही. २०१६ च्या जानेवारीत जुहूला. २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला एक पिल्लू वाळूत रुतलं. गावकरी, जीवरक्षक, वनखातं, सगळे त्याच्यावर ओली फडकी टाकत, पाणी शिंपत राहिले. भरतीची वाट पाहून, दोर लावून ते खोल पाण्यात नेलं. टाळ्या झाल्या. पुढे ते मेलेलं परत किनाऱ्याला आलं. आणि पुण्यात "देवमासा" म्हटलं की अलीकडे लोकांना आठवते ती उलटी, कोट्यवधींची म्हणून पोलीस पकडतात ती. तिचा आणि कुबड्या देवमाशाचा काही संबंध नाही. ती निघते दातांच्या स्पर्म देवमाशाच्या आतड्यातून. कुबड्याला दातच नसतात, टाळूला लोंबणाऱ्या झालरी असतात, गाळणीसारख्या. पण पेठेत हे सांगायला गेलं की समोरचा विचारतो, "मग याची किती किंमत?"

किमतीचा विचार राज्य सरकारने एका बाबतीत बरा केला. संरक्षित सागरी प्राणी जाळ्यात अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. २०१८ च्या अखेरीस ही योजना सुरू झाली. पुरावा म्हणून फोटो किंवा व्हिडिओ लागतो. परिणाम असा की कोकणात ज्या हातात कोयती असते त्याच हातात आता फोनही असतो, आणि ज्या प्राण्यांची नोंद कुठल्याच सर्वेक्षणात झाली नसती ते ओल्या अंगठ्याने धरलेल्या पडद्यावर दिसायला लागले.

पेठकराला अखेर कुबडा देवमासा भेटला, पण तो कानाने.

परत आल्यावर त्याने रात्री हेडफोन लावून गाणी ऐकली. नर गातात. एकेक आवाज, त्यांची ओळ, ओळीची पुनरावृत्ती, मग दुसरी ओळ. असं दहा-वीस मिनिटांचं गाणं पूर्ण झालं की पुन्हा पहिल्यापासून, कधी तासन्‌तास. रॉजर पेन आणि स्कॉट मॅकव्हे यांनी १९७१ मध्ये ही रचना उलगडून दाखवली. एका समुद्रातले सगळे नर एकच गाणं गातात. अरबी समुद्राचं गाणं आफ्रिकेच्या बाजूच्या हिंदी महासागरातल्या गाण्याहून निराळं. घराणीच म्हणायची. पहिल्यांदा ऐकताना पेठकराला वाटलं, जुन्या वाड्याचा दिंडीदरवाजा कुणीतरी फार सावकाश उघडतंय, आणि तो पूर्ण उघडतच नाही. २०१७ मध्ये गोव्याच्या किनाऱ्याजवळ पाण्याखाली ठेवलेल्या माइकांवर हे गाणं टिपलं गेलं होतं. म्हणजे ज्या समुद्रात आलेपाक चघळत तो पाण्याकडे बघत होता, त्याच्या थोडं खाली, नजरेच्या टप्प्याबाहेर, कुणी गातही असेल.

गोवा म्हटल्यावर त्याला गायिका केसरबाई केरकर आठवल्या. फोंड्याजवळच्या केरीच्या. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली जी तबकडी पाठवली, तिच्यावर केसरबाईंची भैरवी आहे, आणि त्याच तबकडीवर, संयुक्त राष्ट्रांतल्या लोकांच्या शुभेच्छांमध्ये मिसळलेला, बर्म्युडाजवळ ध्वनिमुद्रित केलेला कुबड्या देवमाशाचा आवाजही. व्हॉयेजर-१ हे यान ५ सप्टेंबर १९७७ ला सुटलं. १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. आता ते यान सौर वाऱ्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर आहे. केसरबाई आपल्या गाण्याच्या तबकड्यांबाबत फार चोखंदळ असत, असं जुने लोक सांगतात. कुणाच्या शेजारी आपल्याला बसवलंय हे कळलं असतं तर त्या काय म्हणाल्या असत्या, यावर पेठेत दोन मतं पडली असती, निदान.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात, गणपतीच्या गर्दीत पेठकर झेड ब्रिजवर अडकला होता. ढोलांच्या आवाजात फोन थरथरला. देवबागेच्या तांडेलाने पाठवलेला व्हिडिओ, सहा सेकंदांचा, खाली एवढंच: "हो तुमचोच काय?"

पावसाळी हिरवट पाणी. बोटीची कड. मग काळी, ओली, लांबच लांब पाठ वर येते, तिरप्या उन्हात चकाकते, आणि तिच्या मागच्या बाजूला छोटासा पर. चित्र हलतं, आभाळ, कुणाचा तरी पाय, परत पाणी. पाठ खाली जाते. संपलं.

पेठकर पुलाच्या कठड्याला टेकून तो पुन्हा पुन्हा पाहू लागला, बोटाने थांबवत, एकेक चौकट. ब्रायडीचा देवमासाही या किनाऱ्यावर असतो. त्याच्या डोक्यावर तीन कंगोरे असतात, पण डोकं चित्रात नव्हतंच. पर कुबडावर आहे की नुसता पाठीवर? पाण्याच्या लकाकीत कळेना. ब्रायडीचा बुडी घेताना शेपटी क्वचितच उचलतो, कुबडा बहुतेक वेळा उचलतो. पण बहुतेक वेळा म्हणजे दर वेळी नव्हे. त्याने विचारलं, शेपटी वर आली का? मागे पथकाने नवा ताल धरला होता. उत्तर यायला बराच वेळ लागला. तांडेल जाळं ओढत असावा.

"शेपटी दाखवल्यान नाय."